कोल्हापूरहून प्रयाग, अयोध्या, लुंबिनी, काशी, गया: १४ जणांचा मार्ग कसा लावावा?

गंगावेस_तालीम

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतले १४ जण मिळून उत्तरेकडची यात्रा करायचं ठरलंय. नऊ जणांना प्रयाग-काशी-गया अशी त्रिस्थळी करायची आहे, त्यातल्या तिघांना गयेत पिंडदान करायचंय. पाच जण बौद्ध आहेत. त्यांना लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही चारही ठिकाणं हवी आहेत. अयोध्या सगळ्यांनाच बघायची आहे. वयं ५२ ते ७३, दोघांचे गुडघे दुखतात. विमान नको, रेल्वे चालेल. पंधरा दिवसांच्या वर कुणाला सवड नाही.

प्रश्न असे. क्रम कसा लावायचा? इथूनच १७ सीटर घेऊन जावं का? दिवाळीला लागून निघालो तर चालेल का? नेपाळला आधार कार्ड पुरतं का? एका यात्रा कंपनीनं ११ दिवसांत हे सगळं प्लस राजगीर-नालंदा-वैशाली असं पत्रक दिलंय, ते जमण्यासारखं आहे का?

त्रिस्थळी_वाटाड्या

११ दिवसांचं पत्रक बाजूला ठेवा. कोल्हापूर ते गंगाकाठ जाऊन-येऊन चार दिवस रेल्वेतच जातात. उरलेल्या सात दिवसांत अकरा ठिकाणं म्हणजे रोज सहा-सात तास गाडीत आणि देवळासमोर अर्धा तास. सत्तरीच्या माणसाला ते झेपत नाही, आणि दर्शनही धड होत नाही.

पंधरा दिवसांत मात्र तुमची मूळ यादी नीट बसते. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या धरा. एक, परतीची गाडी. धनबाद–कोल्हापूर दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते. ती सोमवारी धनबादहून सुटते, दुपारच्या सुमारास गयेला येते आणि बुधवारी कोल्हापुरात पोचवते. गाडी बदलायची नाही, सामान उतरवायचं नाही. म्हणून यात्रेचा शेवट गयेत, आणि तोही सोमवारी. दुसरी गोष्ट म्हणजे सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष, म्हणजे आपली राजमुद्रा, त्याच संग्रहालयात आहे. पाच जण त्यासाठी एवढ्या लांब येणार आणि दाराला कुलूप बघणार, असं होऊ देऊ नका.

या दोन खुंट्यांवरून मागं मोजत गेलं की क्रम आपोआप लागतो.

बुधवारी सकाळी कोयना एक्सप्रेसनं पुणे, रात्री पुणे–दानापूर. ही रोज असते. गुरुवारी रात्री प्रयागराज छिवकी. छिवकी हे मुख्य प्रयागराज जंक्शन नव्हे, ते यमुनेच्या अलीकडे नैनीच्या बाजूला आहे. त्यामुळं मुक्काम नैनीत किंवा संगमाच्या वाटेवर घ्या, मध्यरात्री शहरभर फिरावं लागत नाही.

शुक्रवारी संगमस्नान, बडे हनुमान, किल्ल्यातला अक्षयवट. शनिवारी अयोध्या, साधारण १७० किलोमीटर. रविवारी पहाटे दर्शन उरकून गोरखपूर, १३५ किलोमीटर. अयोध्येच्या वाट्याला शनिवार-रविवार येतो, हे या आखणीतलं उणं आहे, गर्दी असणार. पण ते टाळायला गेलात तर परतीची गाडी हुकते.

सोमवारी गोरखपूर–सोनौली–लुंबिनी, मुक्काम लुंबिनीत. मंगळवारी परत सीमा ओलांडून कुशीनगर, अंतर दीडशेच्या आसपास असलं तरी सीमेवरचा वेळ धरून पाच-सहा तास. बुधवारी सकाळी कुशीनगर बघून दुपारपर्यंत निघा आणि रात्री वाराणसी, सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर.

गुरुवारी सारनाथ, शुक्रवारी काशी विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव आणि संध्याकाळची आरती. विश्वनाथाला सोमवार टाळावाच, तो इथं आपसूक टळतो. शनिवारी रेल्वेनं गया, तिथून १२-१३ किलोमीटर बोधगया. मुक्काम बोधगयेतच करा, गया स्टेशनाजवळ नको. रविवार गया आणि बोधगया. सोमवारी सकाळी पुन्हा एकदा महाबोधी विहार, दुपारी गाडी.

यात प्रयाग, मग काशी, मग गया हा त्रिस्थळीचा परंपरेचा क्रमही मोडत नाही. घरातली वडीलधारी माणसं हे विचारतातच.

दिवाळीला लागून जाऊ नका. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून बिहारकडं जाणाऱ्या गाड्यांत आरक्षित डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेला काशीत देवदिवाळी, तेव्हा घाटाजवळच्या खोल्यांचे दर कितीतरी पटींनी चढतात. पौर्णिमा झाली की निघा. तोवर तुमच्यातल्या वारकऱ्यांची कार्तिकीही झालेली असेल. आणि डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आत घरी या. पुढं जानेवारी संपेपर्यंत गंगेच्या मैदानात दाट धुकं असतं, गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास मागं पडतात आणि रस्त्यावर समोरचा ट्रक दिसत नाही. डिसेंबर हुकला तर सरळ फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा. पण तेव्हा प्रयागला माघमेळा महाशिवरात्रीपर्यंत चालू असतो, ते बघून तारीख काढा.

बोधी_कागल

वरच्या आखणीला पूर्ण दुजोरा. बौद्ध स्थळांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यात्रा कंपन्या इथंच हात आखडता घेतात.

आधी नेपाळ. भारतीय माणसाला तिथं व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र धरलं जातं. आधार त्यात नाही. ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या माणसांना इतर फोटो ओळखपत्रावर सूट आहे. तुमच्या १४ पैकी ६५ च्या आतले जे असतील त्यांचं मतदार कार्ड आत्ताच काढून बघा. बऱ्याच बायकांच्या कार्डावर माहेरचं नाव असतं आणि तिकीट आधारवरच्या नावानं. दुरुस्तीला वेळ लागतो, महिना हातात ठेवूनच अर्ज करा. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

शंभर भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे, त्यात घासाघीस नसते. शंभरच्या नोटा भरपूर न्या, पाचशेच्या नोटांवर तिथं भरवसा ठेवू नका. आपलं सिम रोमिंगशिवाय चालत नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं असतं, ते गाडीवाल्याशी बोलताना लक्षात ठेवा.

लुंबिनीला मुक्काम करायला सांगितलंय ते फार बरोबर आहे. बहुतेक सहली गोरखपूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. त्यात सीमेवरच दोन-तीन तास जातात आणि मायादेवी मंदिराला धावती भेट होते. आत जन्मस्थानाची शिळा आहे, बाहेर पुष्करिणी आणि अशोकाचा स्तंभ. बुद्ध इथं जन्मले असं ब्राह्मी लिपीत कोरलेला हा स्तंभलेख १८९६ साली उजेडात आला. मंदिरात चप्पल आणि फोटो दोन्हीला मनाई आहे. वेगवेगळ्या देशांचे विहार दोन बाजूंना पसरलेले आहेत, अंतर बरंच आहे. गुडघेदुखीवाल्यांसाठी ई-रिक्षा करा, चालत सगळं बघायचा हट्ट नको. पहाटे मंदिर उघडताच गेलात तर वंदनेला शांतता मिळते. मुक्कामाचा खरा उपयोग तोच.

कुशीनगरला महापरिनिर्वाण मंदिरात सहा मीटरहून थोडी लांब अशी निजलेल्या बुद्धांची मूर्ती आहे. तिन्ही बाजूंनी फिरून बघा, उभं राहायची जागा बदलली की चेहऱ्यावरचा भाव बदललेला दिसतो. दाहसंस्काराचा रामाभार स्तूप तिथून दीडेक किलोमीटरवर आहे. गाडीवाले तो गाळतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सारनाथ वाराणसीपासून साधारण दहा किलोमीटर. संग्रहालय, धामेक स्तूप आणि मूलगंधकुटी विहार या क्रमानं घ्या. धामेक ४३ मीटरच्या वर उंच आहे. मूलगंधकुटी विहार १९३१ चा. भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांनी रंगवलेलं बुद्धचरित्र आहे. ते घाईत बघू नका, एकेका चित्रापाशी थांबून प्रसंग ओळखा. चौखंडी स्तूप जाता-येता वाटेवरच लागतो.

बोधगयेत महाबोधी विहारात मोबाइल नेता येत नाही. २०१३ च्या स्फोटांनंतर तपासणी कडक झाली आहे. मोबाइल जमा करायची सोय दाराशी आहे, पण १४ जणांचे १४ मोबाइल जमा करण्यात पाऊण तास मोडतो. दोघांनी सगळ्यांचे मोबाइल घेऊन खोलीवर ठेवले तर सरळ आत जाता येतं. विहार पहाटे पाचला उघडतो. डिसेंबरात फरशी बर्फासारखी गार असते, जाड मोजे घाला, ते चालतात. बोधिवृक्षाची पानं तोडायची नसतात, खाली पडलेलं मिळालं तर घ्यावं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथं आंतरराष्ट्रीय त्रिपिटक पठण असतं. वातावरण पुन्हा मिळणार नाही असं, पण खोल्या दोन महिने आधी धरल्या नाहीत तर गयेत राहावं लागेल.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मिश्र गटात बरेचदा एखादा मार्गदर्शक बोधगयेत 'बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार' असं सुरू करतो. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांत हे स्पष्ट शब्दांत नाकारलेलं आहे. तुमच्या पाच जणांना ते लागेल. मार्गदर्शक ठरवतानाच त्याला याची कल्पना द्या. तसंच पिंडदानाला सगळ्यांनी यावं असा आग्रह नको. रविवारी सकाळी नऊ जण गयेत असतील तेव्हा पाच जणांसाठी वेगळी लहान गाडी करा आणि राजगीर-नालंदा करून या. राजगीर बोधगयेपासून ७० किलोमीटर, नालंदा त्यापुढं १२-१५. पहाटे सहाला निघालं तर अंधार पडायला परत. राजगीरला रोपवेनं शांतिस्तूपापर्यंत जा आणि उतरताना पायवाटेनं गृध्रकूट करा, म्हणजे चढ कमी लागतो. वैशाली मात्र या फेरीत सोडा, ती गंगेच्या पलीकडं आहे.

गंगावेस_तालीम

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी दोन गट करायची कल्पना सगळ्यांना पटली. आता गाडीचं सांगा. आमच्या ओळखीचा एक गाडीवाला इथून १७ सीटर न्यायला तयार आहे, म्हणतो रेल्वेपेक्षा स्वस्त पडेल. आणि गयेच्या विधीला काय तयारी लागते?

सतरा_सीटर

इथून गाडी नेऊ नका भावा. कोल्हापूर ते प्रयाग एका बाजूनं दीड हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. दोन चालक घेतले तरी जायला दोन मुक्काम, यायला दोन मुक्काम. म्हणजे तुमचे तेवढे दिवस बसून गेले, आणि तीन हजार किलोमीटरचं डिझेल, टोल नुसतं पोचण्यासाठी. शिवाय गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल तर मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार असा प्रत्येक राज्याचा कर वेगळा. नेपाळात न्यायची तर भन्साराची (नेपाळी जकातीची) पावती आणि तिथला रोजचा कर वेगळा.

त्यापेक्षा प्रयागला उत्तर प्रदेश पासिंगची ट्रॅव्हलर घ्या आणि वाराणसीला सोडा. शुक्रवार ते पुढचा बुधवार, सहा दिवस. ठरवताना या गोष्टी कागदावर घ्या: दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, त्यावरच्या किलोमीटरचा दर, टोल-पार्किंग कुणाकडं, चालकाचा रात्रीचा भत्ता, आणि वाराणसीहून प्रयागला रिकामी परत जायचं भाडं धरलंय का. हे शेवटचं बोललं जात नाही आणि भांडण तिथंच होतं. १७ सीटरमध्ये १४ माणसं बसतात, पण १४ बॅगा मागं मावत नाहीत. टपावर कॅरिअर आणि ताडपत्री आहे का ते विचारा.

सोनौलीला गाडी अलीकडंच पार्किंगला लावा. वाहनांच्या रांगेत ट्रक असतात, तासच्या तास जातात. पायी माणसं लगेच पलीकडं जातात. पलीकडं बेलहिया, तिथून नेपाळी गाडी करायची, लुंबिनी २५-३० किलोमीटर. एका रात्रीपुरती लहान बॅग घ्या, मोठं सामान गाडीत राहू दे. औषधं मात्र लहान बॅगेत.

वाराणसीत मोठी गाडी घाटाजवळ जात नाही. मैदागिन किंवा गोदौलियाच्या अलीकडं उतरून ई-रिक्षा, मग चालणं. विश्वनाथाला गंगाद्वाराकडून गेलात तर पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघेवाल्यांना रस्त्याकडच्या चार नंबर गेटनं न्या. मोबाइल, कॅमेरा, बॅग आत चालत नाही. रस्त्यावरचे दुकानदार लॉकर फुकट म्हणून बोलावतात आणि मोठी पूजेची टोपली घ्यायला लावतात. एक तर मंदिराच्या सोयीत ठेवा किंवा टोपलीची किंमत आधी विचारा. 'झटपट दर्शन करून देतो' म्हणणाऱ्यामागं जाऊ नका, सुगम दर्शनाचं तिकीट मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतं.

आणखी एक, बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात. कुणाच्याही सामानात बाटली नको.

त्रिस्थळी_वाटाड्या

गयेच्या तयारीबद्दल. पिंडदान एक दिवसापासून १७ दिवसांपर्यंत करतात. तुमच्याकडं एकच सकाळ आहे, तेव्हा फल्गू नदी, विष्णुपद मंदिर आणि गयेतला अक्षयवट या तीन वेदींचा एकदिवशी विधी ठरवा. सकाळी सातला सुरू केला तर दुपारी एकपर्यंत होतो. अक्षयवटाखाली गयावळ (गयेचे तीर्थोपाध्याय) 'सुफल' म्हणतात तेव्हा तो पूर्ण होतो. तिथं पोचायच्या आत 'झालं, चला' असं कुणी म्हणालं तर थांबवा.

घरूनच कागदावर लिहून न्यायचं ते असं: गोत्र, वडिलांकडचे तीन पिढ्यांचे पुरुष आणि त्यांच्या पत्नी, आईच्या माहेरचे तीन पिढ्यांचे, मग काका, आत्या, सासरे, गुरू, अकाली गेलेले अशी सगळी नावं. ऐनवेळी आजीचं नाव आठवत नाही आणि घरी फोन सुरू होतात. नाव खरोखरच कुणाला ठाऊक नसेल तर नात्याचा उच्चार करून पिंड देता येतो, त्यासाठी अडून बसू नका. गयावळांच्या वह्यांत गावावार नोंदी असतात. कोल्हापूर एवढंच न सांगता मूळ गाव, तालुका आणि आडनाव सांगा, पूर्वजांची नोंद सापडण्याची शक्यता वाढते.

दक्षिणा, साहित्य, ब्राह्मणभोजन मिळून एकूण रक्कम आधी ठरवा आणि तिघांची मिळून की प्रत्येकी, हे स्पष्ट बोला. विधी चालू असताना वेदीवेदीवर वेगळं मागितलं जातं तेव्हा 'ठरलेलं एकदम शेवटी' एवढंच म्हणायचं. पुरुषांना धोतर-उपरणं, शिवाय एक कोरडा जोड. फल्गू हिवाळ्यात एरवी कोरडी असायची, पण २०२२ साली बंधारा झाल्यापासून विष्णुपदाच्या घाटाला पाणी असतं. आत्ताचं विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधलेलं, काशीचं विश्वनाथ मंदिरही त्यांचंच. थोडं थांबून काळ्या दगडाचं ते काम बघून घ्या.

प्रयागला वेणीदान (सुवासिनीच्या केसांची बट संगमात वाहायचा विधी) करायचं असेल तर त्या जोडप्यांनी आधी सांगावं, त्यासाठी अर्धा-पाऊण तास वेगळा लागतो. संगमावर नावेचं भाडं पूर्ण नावेचं ठरवा, माणशी नको. दर प्रशासनानं ठरवलेले असतात, घाटावर फलक शोधा. नावेतच कुणी नारळ हातात दिला तर संकल्पाआधी दक्षिणा विचारा.

गंगाजळ काशीत भरा, पण तांब्याच्या डाक लावलेल्या लहान गडूंत. प्लास्टिकचा कॅन दोन दिवसांच्या प्रवासात झिरपतो आणि खालच्या बर्थवरचं अंथरूण भिजतं. परत आल्यावर मावंद्याला सगळ्या १४ घरांना पुरेल एवढं एक-दोन लिटर बास.

मिरज_जंक्शन

तिकिटांचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. तुमची जायची आणि यायची तारीख यात १२ दिवसांचं अंतर आहे, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी मिळणार नाहीत. बरेच जण जायचं काढून निवांत होतात, आणि आठवड्यातून एकच असलेली परतीची गाडी वेटिंगला जाते. दोन्ही दिवशी आठला बसायची माणसं आत्ताच नेमा. आरक्षण उघडताच ऑनलाइन तिकिटं आधार जोडलेल्या खात्यांनाच मिळतात, तेव्हा चार-पाच जणांची आयआरसीटीसी खाती आधारशी जोडून ठेवा.

एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. पण ज्येष्ठांना खालचा बर्थ हवा असेल तर सहाचं तिकीट काढू नका. लोअर बर्थ कोटा ६० च्या वरच्या पुरुषांना आणि ४५ च्या वरच्या बायकांना आहे, तोही एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील तरच. ६८ चे काका आणि ५२ चा पुतण्या एका तिकिटावर घातले की कोटा गेला. म्हणून आधी गुडघेवाल्यांच्या आणि ६० च्या वरच्यांच्या जोड्या पाडा, त्यांची तिकिटं त्या कोट्यातून, उरलेल्यांची साधी. डबा एकच आला पाहिजे हा हट्ट सोडा, बर्थ खालचा मिळणं महत्त्वाचं. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

स्टेशनांची नावं बदललीत, शोधताना घोळ होतो. मुगलसराय म्हणजे आता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, वाराणसीपासून १७-१८ किलोमीटर. मंडुवाडीह म्हणजे बनारस. फैजाबाद म्हणजे अयोध्या कँट, आणि अयोध्या धाम वेगळं. शनिवारी गयेला जायला वाराणसीपेक्षा दीनदयाळ उपाध्यायवरून गाड्या जास्त आहेत, अडीच-तीन तास लागतात. सकाळी आठ-नऊची धरा. पाठोपाठ दुसरी कोणती आहे तेही लिहून ठेवा, कारण त्या मार्गावर दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्याआधीही उशिरा येतात.

परतीला दोन रात्री गाडीत. गयेहून निघताना त्या रात्रीपुरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपुरतं घ्या, पुढं वाटेत मोठी स्टेशनं आहेत. घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जाताना संपवा. कांदा-लसूण चटणीची बरणी धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात उघडू नका, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

गंगावेस_तालीम

मतदार कार्डं आजच गोळा केली. १४ पैकी तिघींच्या नावात फरक निघाला, दोघी ६५ च्या आत आहेत. दुरुस्तीचा अर्ज उद्या भरतो. तारीख कार्तिक पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बुधवारची धरली आहे. जोड्या पाडून यादी इथं टाकतो, कोट्यात बसतात का ते मिरजकरांनी एकदा बघावं.

मिरज_जंक्शन

टाका. नावं नकोत, फक्त वय, स्त्री की पुरुष आणि कुणाला खालचा बर्थ लागणारच आहे एवढं लिहा. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बुधवारपेक्षा दुसरा घ्या. छठ आणि देवदिवाळी करून परतणाऱ्यांची गर्दी पहिल्या आठवड्यात उलट्या दिशेनं असते, पण तुमची गाडी छिवकीला पोचेल त्या रात्री खोल्या अजून महाग असतील. त्या हिशेबानं परतीचा सोमवारही एक आठवडा पुढं सरकतो. २० डिसेंबरच्या आत घरी पोचताय ना, तेवढं पंचांग उघडून तपासा आणि मगच अर्ज, खोल्या, गाडी यांच्या तारखा कळवा.